बोलणी

आमच्याकडे ‘बोलणी’ हा शब्द दोनच प्रसंगी ऐकू येतो. एक सोयरिकीच्या वेळी, आणि दुसरा ऊसतोडीच्या दराच्या वेळी. पहिली बोलणी वर्षाला दहा-वीस घरी होतात. दुसरी तीन-चार वर्षांतून एकदा, आणि तीही गावात नव्हे, तर दूर पुण्याला. तरी दोहोंत साम्य मोठे आहे. सोयरिकीत शेवटी याद्या होतात. हळदकुंकू लावलेल्या कागदावर कोणी काय द्यायचे, कोणी काय करायचे, हे लिहून चारचौघांत वाचून दाखवितात. मग भर मांडवात एखादा मामा रुसून बसला तरी त्याला एकच प्रश्न विचारतात, ‘यादीत होतं का?’ ऊसतोडीच्या बोलण्यांतही सारा खल अखेर या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो.

म्हणून पुण्याच्या बैठकीचे वर्णन मी करणार नाही. ते वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह येते. मला सांगायचे आहे ते यादी कशी होते त्याविषयी. ती आमच्या गावात, धारूर तालुक्यातल्या एका आडवळणाच्या खेड्यात, शाळेच्या ओट्यावर होते, आणि ती लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पण गावात त्या कोणी वाचलेल्या नाहीत. गावात माझी जी काही कीर्ती आहे ती अक्षराबद्दल. लग्नाच्या याद्या, बँकेचे अर्ज, तहसीलदाराकडची गाऱ्हाणी, सगळे माझ्या हातचे असते. तेव्हा ऊसतोड कामगार संघटनेची शाखा गावात निघाली, पावतीपुस्तक आले, निंबाच्या झाडाला पाटी लागली, तसे मागणीपत्रही आपोआप माझ्याकडे आले.

शहरातल्या वाचकांना आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. बालाघाटाचा डोंगर आमच्या बीड जिल्ह्यात आडवा पसरला आहे. खाली गोदाकाठची काळी जमीन, वर मुरूम आणि माळ. पाऊस पडला तर बाजरी, न पडला तर तीही नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग पश्चिमेकडे एकामागून एक कारखाने झाले, कालव्यांच्या पाण्यावर ऊस डोलू लागला. ऊस लावणारे तिकडे होते, तोडणारे हवे होते. ते आमच्या डोंगरात मिळाले. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे बाहेर पडली आणि पडली ती पडलीच. त्या वर्षी आईच्या कडेवर बसून गेलेली लेकरे आज आजोबा झाली आहेत, आणि त्यांची नातवंडे त्याच वाटेने जातात. पुढे जिल्ह्यातही कारखाने झाले. तेलगावचा तर धारूरचा घाट उतरला की आहेच. तरी माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरला जातात, काही थेट बेळगावकडे उतरतात. राज्यात ऊसतोड कामगार दहा लाखांच्या घरात धरतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा आमच्या जिल्ह्याचा.

या धंद्याची एक स्वतंत्र भाषा आहे. तिच्यात ‘कोयता’ म्हणजे हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायको. ‘औंदा आपल्या टोळीत बारा कोयते’ असे मुकादम म्हणाला, तर बारा जोडपी समजायची. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. संसाराची इतकी रोकडी व्याख्या कोणत्याही कादंबरीकाराला सुचलेली नाही. दुसरा शब्द ‘उचल’. पावसाळ्यात मुकादम प्रत्येक कोयत्याला आगाऊ रक्कम देतो. कुणाला पन्नास हजार, कुणाला लाख, कुणाला त्याहून अधिक. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. मुकादमाला हे पैसे कारखान्याकडून, वाहतूकदाराकडून मिळतात. म्हणजे कारखाना करार करतो वाहतूकदाराशी नाहीतर मुकादमाशी, आणि मुकादम कोयत्याशी. ऊस तोडणाऱ्याचा पाय कोयत्याखाली सापडला तर त्याचा मालक कोण, हा प्रश्न या साखळीत असा काही हरवतो की फडातल्या पाचटात सुई सापडेल, पण मालक सापडायचा नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याला जो करार झाला त्यात मजुरीत सरासरी १४ टक्के वाढ मिळाली होती. त्याची मुदत तीन हंगामांची. २०२२-२३ चा हंगाम संपला, पट्टा पडला, माणसे उन्हाळ्यात घरी आली, आणि करारही संपला. ज्या यादीविषयी मी सांगतो आहे ती त्यानंतरच्या पावसाळ्यातली, २०२३ सालची.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. धोंड्याचा महिना म्हणून गावात जावयांची वर्दळ होती. संघटनेच्या मंडळींनी ठरविले, की याच महिन्यात बसून घ्यावे, नंतर माणसे पांगतात. पहिले काम पावत्या गोळा करण्याचे. गाडी वजनकाट्यावर गेली की वजनाची पावती निघते. पंधरवड्याला हिशोबाचा कागद होतो. हे कागद मुकादमाच्या पिशवीत राहतात, आणि कोयत्याच्या हाती राहते ती आठवण. तरी पोरांनी घरोघर फिरून जमवले. कुणी देवळीतून काढले, कुणी पिठाच्या डब्याखालून. एका आजीने तर देवीच्या टाकाशेजारी ठेवलेला कागद आणून दिला, तिला वाटे हा नातवाच्या नोकरीचा कागद आहे. अर्ध्यांवरची शाई उडाली होती, काहींवर उसाच्या रसाचे डाग होते. मी ते तारीखवार लावले आणि एक वही केली. या वहीला पुढे फार महत्त्व आले. पुण्यात समोर बसणाऱ्या माणसांजवळ प्रत्येक टनाचा, प्रत्येक टक्का उताऱ्याचा हिशोब असतो. आपल्याजवळ नुसते हाल असतात. हालांचा हिशोब कागदावर आल्याशिवाय बोलण्यांत कोणी पुसत नाही.

दुसरे काम हिशोबाचे. सातवीच्या वर्गातला फळा ओट्यावर आणून ठेवला. मंडळी पोत्यांवर बसली. मुलेही आली होती. त्यांना हाकलले नाही, कारण या गणितात ती होतीच. त्या वेळी कोयत्याचा दर टनाला सुमारे २७४ रुपये होता. मी विचारले, “एका कोयत्याचा दिवसाला ऊस किती पडतो?”

“पडला तर दोन टन,” एक जण म्हणाला. “हलका फड आसला तर. पडका, वाकडा ऊस आसला तर दीडच.”

“दोन धरू.”

दोन टनांचे ५४८ रुपये झाले. ते दोन माणसांचे. म्हणजे माणशी २७४. पहाटे चारला उठून फडावर जायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, आणि गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची. त्या सगळ्याचे २७४. मग मी शेजारी दुसरा आकडा लिहिला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवर एका माणसाला दिवसाची मजुरी २७३ रुपये ठरलेली होती.

ओटा गप्प झाला. दोन आकड्यांत रुपयाचा फरक होता, आणि त्या रुपयात सहा महिन्यांचे घर, गाव, शाळा, म्हाताऱ्यांचे आजारपण आणि पाचटाच्या कोपीतली थंडी बसवायची होती. मुलांतली एक चुणचुणीत मुलगी, तिला सारेच विचारण्याची खोड, मोठ्याने म्हणाली, “गुरुजी, मग जायचं कशाला तिकडं?”

गावात ज्यांना सगळे बप्पा म्हणतात ते म्हातारे गृहस्थ तिच्याकडे न पाहताच म्हणाले, “रोजगार हमीला उचल नसती, बाई.”

मला वाटते, ऊसतोडीवर जेवढे अहवाल झाले असतील त्या सगळ्यांचे सार या पाच शब्दांत आले. हमीचे काम निघाले तर निघते, आणि पैसे यायचे तेव्हा येतात. उचल आज हातात पडते. मुलीचे लग्न, आईचे ऑपरेशन, सावकाराचे व्याज, यांतले काहीही जानेवारीतल्या करारासाठी थांबत नाही. आणि इथेच आमच्या बोलण्यांतला मोठा पेच आहे. जगात कुठलाही कामगार आधी दर ठरवितो आणि मग कामाला लागतो. आमचा माणूस आषाढात उचल घेतो, मुद्रांकाच्या कागदावर सही किंवा अंगठा करतो, ते पैसे खर्चून टाकतो, आणि मग त्याच्या कामाचा दर काय असावा याची बोलणी सुरू होतात. नवरदेव घोड्यावर बसून वेशीपाशी आल्यावर मुलीच्या बापाने याद्या काढाव्यात, तसा हा प्रकार.

तिसरे काम म्हणजे प्रत्यक्ष यादी. इथे मला तरुण मंडळींशी थोडा वाद घालावा लागला. त्यांना मागणीपत्रात ‘रक्ताचे पाणी करणारा’, ‘पिढ्यान्पिढ्या पिळला गेलेला’ असे शब्द हवे होते. कादंबरीत मी असे शब्द वापरतो. तिथे त्यांना पैसे पडत नाहीत. मी म्हटले, “रक्ताला दर नाही, टनाला आहे. टनाचं बोलू.” मग कलमे ठरली. पहिले दराचे. त्याला आधार म्हणून यंत्राचा दर घेतला. ऊस तोडायला आता मोठमोठी यंत्रे फडात उतरतात, आणि यंत्राला टनामागे माणसापेक्षा जास्त पैसे मिळतात. सगळ्याच संघटनांनी त्या वर्षी हा मुद्दा लावून धरला होता. यंत्र डिझेल खाते म्हणून त्याला जास्त. माणूस भाकरी खातो म्हणून त्याला कमी, हे गणित फळ्यावर मांडल्यावर लहान पोरेही हसली.

बप्पांनी मात्र इथे एक शंका काढली, आणि ती रास्त होती. ते म्हणाले, “दर वाढला तर पैसा कुणाच्या खिशातून जाणार? उसाच्या बिलातून तोडणीचा खर्च कापत्यात. म्हंजी शेतकऱ्याच्याच.” खरेच तसे आहे. उसाचा किमान भाव केंद्र सरकार दर वर्षी जाहीर करते. २०२३-२४ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३१५ रुपये, म्हणजे टनाला ३१५० रुपये होता. तोडणी आणि वाहतूक त्यातून वजा होते. आमच्यातल्या पुष्कळांचा स्वतःचाही दीड-दोन एकर कोरडवाहू तुकडा आहे; शेतकऱ्याच्या खिशाचे दुःख त्यांना शिकवावे लागत नाही. आम्ही हिशोब केला. ३१५० तले २७४, म्हणजे शंभराला नऊ रुपयेही नाहीत. शेतकऱ्याच्या भावाला कायदा आहे, तो दर वर्षी ठरतो. तोडणाऱ्याच्या दराला तीन वर्षांतून एकदा बोलणी. हे वाक्य बप्पांनीच सांगितले आणि मी तसेच लिहून घेतले.

मुकादमांचे कलमही आले. इथे वाचकांचा गैरसमज व्हायला नको. मुकादमाला खलपुरुष करणे कादंबरीत सोपे असते. आमच्या गावचे मुकादम आमच्याच भावकीतले आहेत. कारखान्याकडून त्यांना मजुरीवर कमिशन मिळते. पण उचल घेतलेला कोयता मध्येच पळाला तर भुर्दंड त्यांच्या अंगावर, आणि तो भरण्यासाठी जमीन विकलेला मुकादम मी पाहिला आहे. तो कामगारांच्या संघटनेतही असतो आणि कामगार ज्याला भितो तोही तोच असतो. म्हणून त्याचे कमिशनचे कलम यादीत घेतले, पण ते दराच्या खाली, चौथ्या जागेवर. यावरून एक रात्र वाद झाला. अखेर बप्पा म्हणाले, “वऱ्हाडात मध्यस्थाचा मान आसतो, पर त्याला बाशिंग बांधत न्हाईत.” कलम चौथ्यावरच राहिले.

मग विमा, ओळखपत्र, कोपीजवळ पाणी, लेकरांची शाळा. शेवटच्या कलमाविषयी मी जरा आग्रही होतो. दसरा झाला की माझ्या वर्गातली निम्मी बाके रिकामी होतात. साखरशाळा झाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहे झाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची सरकारी योजना आली, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु लहान भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागतेच, आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा माझ्या पाचवी-सहावीतली मुलगी असते.

यादी पुरी होत आली होती. दुसऱ्या रात्रीची वेळ. बायका अंगणात बसल्या होत्या. त्या बैठकीला आल्या नव्हत्या, पोरांना घरी न्यायला आल्या होत्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांतली एक विधवा बाई ओट्याच्या पायरीपर्यंत आली. मघाच्या त्या चुणचुणीत मुलीची आई. नवरा गेल्यापासून ती भावाबरोबर अर्धा कोयता म्हणून जात असे.

“गुरुजी, मपलं नाव कुठंय?” तिने विचारले.

मला आधी वाटले ती मुलीच्या वसतिगृहाच्या यादीविषयी विचारते आहे. पण तिचे बोट मागणीपत्राला जोडायच्या सभासदांच्या यादीकडे होते. त्या यादीत गावातले सगळे कोयते होते, आणि प्रत्येक कोयत्यापुढे एक नाव होते. पुरुषाचे.

बप्पा म्हणाले, “बाई, तू भावाच्या कोयत्यात हाईस की.”

“कोयत्यात हाय,” ती म्हणाली. “कागदात न्हाई.”

कुणी काही बोलेना. मग अंगणातून दुसरी बाई बोलली, आणि एकदा बोलणे सुरू झाल्यावर मग पुष्कळच झाले. हिशोबाचे पैसे नवऱ्याच्या हाती येतात, एवढेच ते गाऱ्हाणे नव्हते. एक दिवस अंग दुखून पडले तर खाडा लागतो, आणि खाड्याचा दंड कापतात. म्हणून बाळंतपणाच्या आठव्या महिन्यापर्यंत मोळी डोक्यावर असते. महिन्याचे चार दिवस फडात आडोसा नसतो. दुखणे काढण्यापेक्षा पिशवीच काढून टाकलेली बरी, असे सांगणारा कोणीतरी भेटतो. बीड जिल्ह्याची ही गोष्ट २०१९ साली देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दिवाळीच्या दिवसांत घरच्या मंडळींबरोबर वाचायच्या अंकात हा आकडा द्यावा की नाही, याचा मी विचार केला. मग वाटले, ज्या घरात तो वाचला जाईल तिथेही आई आहे, बहीण आहे; त्यांना तो कळायला हरकत नाही.

त्या रात्री सातवे कलम झाले: बाईचे नाव वेगळे लिहावे, तिच्या कामाची नोंद वेगळी व्हावी, आजारपणाचा खाडा दंडाविना असावा. आणि मी सभासदांची यादी पुन्हा लिहिली. या वेळी प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावे. पाने दुप्पट झाली. काही पुरुषांना आपल्या बायकोचे पूर्ण नाव सांगताना लाजल्यासारखे झाले, काहींना ते चटकन आठवेना. बाहेरून बायकाच एकमेकींची नावे सांगू लागल्या आणि त्यांत थोडी थट्टामस्करीही झाली. फार दिवसांनी शाळेच्या अंगणात बायकांचे असे मोकळे हसणे ऐकले.

आता राहिले चौथे काम, आणि तेच सर्वांत कठीण. यादी कितीही चांगली झाली तरी तिच्यामागे बळ काय? कामगाराचे बळ कामावर न जाण्यात असते. म्हणून ठरले, की दर ठरल्याशिवाय गाडी भरायची नाही. ग्रामदेवतेच्या पारावर नारळ फोडला. बप्पांनी जुन्या काळच्या गोष्टी सांगितल्या. पाथर्डीकडचे बबनराव ढाकणे कामगारांच्या बाजूने उभे राहिले तेव्हाच्या, मग परळीच्या गोपीनाथ मुंडे यांनी बोलण्यांची धुरा घेतली तेव्हाच्या. कोयता बंद म्हटले की कारखान्याचे धुराडे कसे थंड राहते, हे सांगताना म्हाताऱ्याचे डोळे चमकत.

पण त्या वर्षीचा ऑगस्ट सबंध कोरडा गेला. निज श्रावणात माळावर गवत उगवले नाही. सोयाबीन शेंगेत भरण्याआधी पिवळे पडले. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने दुष्काळी तालुक्यांची यादी जाहीर केली, तिच्यात धारूर होते. मी मनात म्हटले, ही एक यादी अशी की तिच्यात नाव यावे अशी कोणाची इच्छा नसते. २४ ऑक्टोबरला दसरा झाला, सीमोल्लंघन झाले, आणि ट्रॅक्टर वेशीत येऊन उभे राहिले. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. पुण्यात बैठका होत होत्या आणि मोडत होत्या. गावात मात्र विहिरीचा तळ दिसत होता. पारावर फोडलेल्या नारळाची आठवण कोणी कोणाला करून दिली नाही. भांडी, अंथरुणे, कोंबड्या, शेळ्या आणि लेकरे घेऊन लोक ट्रॅक्टरवर चढले. ज्याच्या घरी हंड्याला पाणी नाही, त्याच्या निर्धाराची परीक्षा घेणारे आपण कोण?

चढताना प्रत्येक टोळीतल्या एका माणसाने यादीची एक प्रत खिशात घातली. शाखेने तेवढे ठरविले होते. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांनी त्या प्रती हाताने उतरवल्या होत्या. शुद्धलेखनाचा तो तास मला फार समाधानाचा वाटला.

आणि मग असे झाले, की जी तयारी निघण्याच्या वेळी कामी आली नाही ती निघून गेल्यावर कामी आली. ऊस हा मोठा उतावळा जिन्नस आहे. तोडल्यावर तो दिवसाभरात गव्हाणीत पडावा लागतो. वाळला की वजन घटते, साखर उतरत नाही. कारखान्याचे चुलाण एकदा पेटले की त्याला रोजचा ऊस रोज लागतो. म्हणजे वेशीतून निघताना माणसाच्या हाती काही नसते, पण डिसेंबरात भर हंगामात, त्याच्या हाती कोयता असतो. त्या महिन्याच्या अखेरीस संघटनांनी कोयता बंदची हाक दिली. आमच्या टोळ्या चार जिल्ह्यांत विखुरलेल्या होत्या. रात्री फोन येत. “गुरुजी, कलम एकमधला आकडा पुन्हा सांगा.” “गुरुजी, इथं दुसऱ्या तालुक्याची टोळी हाय, त्यांना यादी वाचून दाखवली.” एकदा फोनवर मागे कालवा ऐकू आला, आणि त्यातून ती विधवा बाई म्हणत होती, “सातवं वाचा, सातवं!”

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक झाली. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादासमोर साखर संघ आणि कामगार संघटना यांचे एकमत झाले. मजुरीत ३४ टक्के वाढ. २७४ चा दर ३६७ च्या घरात गेला. मागच्या खेपेच्या १४ टक्क्यांपुढे ही वाढ मोठीच होती. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी मी उरलेल्या मुलांना गणित घातले: हंगामात एका कोयत्याने २५० टन ऊस तोडला, तर जुन्या दराने किती आणि नव्याने किती? जुन्याने ६८,५०० आणि नव्याने ९१,७५०. फरक २३,२५० रुपयांचा. पोरे खूश झाली. कुणी म्हणाले, घरावर पत्रे होतील. तीच ती मुलगी, जी या वर्षी आजीपाशी राहून शाळेत येत होती, ती पाटीवर आणखी काही मांडत बसली होती.

“काय करतेस गं?”

“गुरुजी, मामाची उचल लाखाची हाय. ९१,७५० वजा केलं तर ८,२५० ऱ्हातेत. म्हंजी वाढ झाली तरी पुढल्या साली पुन्हा जायचंच की.”

मी काय उत्तर देणार? उत्तर बरोबर आहे एवढेच म्हटले, आणि पाटीवर खूण केली.

सातव्या कलमाचे काय झाले, असे वाचक विचारतील. करार झाला तो दराचा झाला. बाईच्या नावाचा वेगळा हिशोबाचा कागद आमच्या गावात अजून कोणी पाहिलेला नाही. तरी मी असे म्हणणार नाही, की ते कलम वाया गेले. मे महिन्यात माणसे परत आली तेव्हा एक लहानशी गोष्ट घडली. पावत्या जमा करायला पोरांना घरोघर जावे लागले नाही. बायकांनीच आणून दिल्या. मुकादमाकडून पंधरवड्याला मागून घेतलेल्या, घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या. मुकादम माझ्याकडे तक्रार करीत होता, “गुरुजी, तुम्ही बायांना कागदाचा नाद लावला.” त्या तक्रारीत राग थोडा आणि कौतुक जास्त होते, असे मला वाटले, कारण त्याचीही बायको त्यांत होती.

कोणताही करार कायमचा नसतो. एकाची मुदत संपते आणि पुन्हा पावत्या, पुन्हा फळा, पुन्हा ओट्यावर पोती. उचलीचा पेच सुटलेला नाही, तो एका यादीने सुटणाराही नाही. बप्पा आता ऐकू येत नाही म्हणून पुढे बसतात. पहिली यादी, दोन-दोन नावांची ती जाड वही, शाळेच्या कपाटात शिल्लक आहे. अधूनमधून एखादी बाई येते आणि स्वतःचे नाव कुठल्या पानावर आहे ते दाखवा म्हणते. वाचता येत नसले तरी बोट ठेवून बघते.

ती मुलगी आता तालुक्याच्या शाळेत जाते. परवा रस्त्यात भेटली, तेव्हा मी सहज म्हटले, की पुढच्या बोलण्यांची यादी आता तूच लिही, माझे डोळे थकले. ती थोडा विचार करून म्हणाली, “लिहायचं तुम्हीच लिहा, गुरुजी, अक्षर तुमचं चांगलं आहे. पण पहिलं कलम उचलीचं घ्या. ते काय घालायचं, ते मी सांगीन.”